सोसायट्यांच्या छाटणीसाठी चिपर घ्यायचाय. ४०० तास चाललेला सेकंड हँड घ्यावा की नवा?

पावसाळ्याआधी सोसायट्यांच्या झाडांची छाटणी घेता, फांद्या टेम्पोत भरण्यातच निम्मा दिवस जातो, म्हणून सहा इंची डिझेल चिपर (फांद्यांचे बारीक तुकडे करणारं यंत्र) हवाय आणि ‘फक्त ४०० तास चाललेला’ एक समोर आलाय, असा तुमचा प्रश्न आहे. नवा की जुना ते पुढे बघू. आधी त्या ४०० तासांबद्दल.

अवरमीटर (चाललेले तास दाखवणारं मीटर) बघून चिपर घेऊ नका. वायर काढली की तो थांबतो, नवा बसवला की शून्यापासून सुरू होतो. आणि खरा असला तरी तो इंजिनाचे तास मोजतो, लाकडाचे नाही. ४०० तास ओला गुलमोहर आणि ४०० तास वाळलेली बाभूळ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्याकडे चिपरची पाती धारेला येतात. ‘मीटर बघा ना, यंत्र कोरं आहे’ हे वाक्य ऐकून कान किटलेत. मीटर सोडा, डिस्क बघा, म्हणजे पाती जिच्यावर बसतात ती फिरणारी जड चकती.

चावी खिशात, बॅटरीची वायर काढलेली, डिस्क पूर्ण थांबलेली (इंजिन बंद केल्यावरही ती बराच वेळ फिरते) आणि लॉकपिन लावलेली. एवढं झाल्यावरच झाकण उघडा. सगळी पाती काढायला लावा. पाती बसतात त्या खाचा वायर ब्रशने घासा, क्लीनरने पुसा. तडा जातो तो बोल्टच्या भोकापाशी आणि खाचेच्या आतल्या कोपऱ्यात, आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून डीपी टेस्ट (डाय पेनेट्रंट, म्हणजे तड्यात रंग शिरवून तो दिसता करायची तपासणी) करा. लाल पेनेट्रंट मारून १०-१५ मिनिटं थांबा, मग क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा. थेट फवारलात तर तड्यात शिरलेला रंगही धुऊन जाईल आणि खराब डिस्क पास होईल. वर पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर द्या. भोकातून किंवा कोपऱ्यातून लाल रेघ निघाली तर व्यवहार तिथेच संपला. ‘वेल्डिंग करून देतो’ म्हणाले तरीही. वेल्डच्या उष्णतेने डिस्क वाकते, बॅलन्स जातो आणि तडा पुन्हा वेल्डच्या कडेनेच चालू लागतो.

बेअरिंगचं तसं नाही. डिस्कखाली छोटी पहार लावून उचलून बघा, खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय. नंबर वाचून ते बाजारात मिळतं, तेवढे पैसे किमतीतून कापा. मात्र बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर फिरून शाफ्ट झिजला असेल तर खर्च बेअरिंगचा राहत नाही, शाफ्टचा होतो.

आता पातं आणि खालचं स्थिर पातं यांतली फट. पाती परत बसवा आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांना मोजा. आकडा त्या यंत्राच्या मॅन्युअलचाच धरा, साधारण दोन-एक मिलिमीटरच्या आसपास असतो. एका पात्याला कमी, दुसऱ्याला जास्त आली तर पाती सेटमध्ये घासलेली नाहीत, खाचा झिजल्यात किंवा डिस्क वाकलीय. फट जास्त झाली की सालीच्या लांब दोऱ्या निघतात, चूट (चुरा बाहेर फेकणारी नळी) तुंबते, बेल्ट घसरतो, आणि लोक इंजिनाला शिव्या घालतात. पात्यांची उरलेली रुंदीही मोजा. मॅन्युअलच्या किमान मापाखाली गेलेलं पातं धार कितीही असो, भंगारच. धार सरफेस ग्राइंडरवर, कूलंट सोडून, पूर्ण सेटला सारखी लावायची. हँड ग्राइंडरने धार निळी पडली की टेंपर, म्हणजे पोलादाचा कडकपणा, गेला.

शेवटी लाकूड घालून बघा. पूर्ण थ्रॉटलवर चार इंची ओली फांदी द्या. डिस्कचे फेरे उतरले की फीड रोलर (फांदी आत ओढणारे) आपोआप थांबले पाहिजेत, फेरे चढल्यावर आपोआप चालू झाले पाहिजेत. जुन्या यंत्रांत हे काम करणारा स्पीड सेन्सर जंपर मारून (वायर थेट जोडून) बायपास केलेला सापडतो, आणि तोंडाकडचा सेफ्टी बार तारेने बांधलेलाही. हे दोन्ही दुरुस्त करून मिळत असेल तरच पुढे बोला.

हे सगळं पास झालं तर जुना घ्या. चांगल्या बांधणीचा जुना चिपर स्वस्तातल्या नव्यापेक्षा केव्हाही बरा. त्या स्वस्त नव्यात बहुतेकदा स्पीड सेन्सरच नसतो, आणि पात्याच्या भोकांचं अंतर असं काहीतरी असतं की दुसरं पातं बाजारात शोधूनही मिळत नाही. नवाच घेणार असाल तर पैसे देण्याआधी पात्यांचा दुसरा सेट हातात घ्या. पाती आणि बेल्ट सहसा वॉरंटीत धरत नाहीत.

हो, तुमच्याकडे पाना धरणारा भरवशाचा माणूस नसेल, तर वरचं सगळं विसरून नवाच घ्या. दारात ट्रॅक्टर उभा असेल तर ५४० आरपीएमचा पीटीओ चिपर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालणारा) बघा, एक इंजिन सांभाळायचं वाचतं. कामात नारळाच्या झावळ्याच जास्त असतील तर हा चिपर नकोच. त्यांचे धागे रोलरला आणि शाफ्टला गुंडाळतात, बेअरिंगच्या सीलमध्ये शिरतात. त्यांना हातोड्यांचा श्रेडर लागतो. आणि रस्त्याकडेच्या झाडांत जाहिरातींचे खिळे, लायटिंगच्या तारा असतात. फांदी आत देण्याआधी बघून घ्या, एका खिळ्याने पात्याची धार फुटते.

डीपी टेस्टचे तीन कॅन वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतात. यंत्र बघायला जाताना पात्यांच्या मापाचे नवे १०.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट आणि टॉर्क रेंच सोबत न्या (मॅन्युअलने १२.९ सांगितले असतील तर तेच). काढलेले जुने बोल्ट परत लावायचे नाहीत.