इको चाचणी दरवर्षी करावी का?

प्रश्न : माझे वय ५८ वर्षे असून रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात आहे. दोन वर्षांपूर्वीच्या इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेतून अगदी किंचित गळती असल्याचा उल्लेख होता; पंपिंग (हृदयाच्या डाव्या कप्प्यातील रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर फेकला जाणारा भाग) ६० टक्के होते. मला कसलाही त्रास नाही. तरी खबरदारी म्हणून दरवर्षी इको करावा, असे मला वाटते; डॉक्टर मात्र गरज नाही म्हणतात. काय करावे?

उत्तर : तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे. इकोमध्ये क्ष-किरण वापरले जात नाहीत आणि वेदनाही होत नाहीत, त्यामुळे ‘करून घ्यायला काय हरकत आहे’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या चाचणीच्या निष्कर्षाने उपचारात काही बदल होण्याचा संभव नाही, ती करण्याचे कारण उरत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी आणि तिच्या सहयोगी संघटनांनी २००७ मध्ये इकोच्या योग्य वापराचे निकष प्रसिद्ध केले व २०११ मध्ये ते सुधारले. त्यांचा रोख हाच आहे.

अहवालातील ‘किंचित गळती’ हे शब्द वाचून अनेकजण विनाकारण धास्तावतात. हृदय पूर्णपणे निरोगी असलेल्या माणसांतही इतकी गळती वारंवार आढळते आणि झडपेची रचना चांगली असेल, तर तिच्यासाठी नियमित इकोची आवश्यकता नसते. पंपिंगच्या आकड्याचेही तसेच आहे. तोच रुग्ण, तेच हृदय असूनही दोन तपासण्यांत पाच-सात टक्क्यांचा फरक मोजणीमुळे पडू शकतो. उद्या ६० चे ५५ झाले, तर आजार वाढला असे होत नाही, पण मनाचा घोर आणि पुढच्या चाचण्यांची मालिका मात्र सुरू होते.

झडपेचा आजार खरोखर असतो, तेव्हा गणित बदलते. महाधमनीची झडप आकुंचित झाली असल्यास सौम्य आजारात तीन ते पाच वर्षांनी, मध्यम आजारात एक ते दोन वर्षांनी आणि तीव्र आजारात सहा ते बारा महिन्यांनी इको करतात. हृदयाला अपाय करू शकणारी कर्करोगाची काही औषधे चालू असताना, तसेच आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार असल्यास, लक्षणे नसतानाही ही चाचणी आवश्यक ठरते.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. विश्रांतीच्या स्थितीत केलेला इको चांगला आला, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे नाहीत, असा अर्थ होत नाही. त्या शंकेसाठी ताणचाचणीसारख्या (हृदयावर श्रमाचा ताण देऊन केलेल्या) वेगळ्या तपासण्या आहेत.

रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची नियमित तपासणी मात्र चालू ठेवावी. नव्याने धाप लागू लागली, पायांवर सूज आली, छातीत धडधड वाढली, डॉक्टरांना स्टेथोस्कोपने नवा ध्वनी ऐकू आला किंवा ईसीजीत बदल दिसला, तर इको लवकर करून घ्यावा आणि जाताना जुना अहवाल सोबत न्यावा. छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर इकोची वेळ ठरवत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.