पेन्शन तुमच्या मागे येईल, सीजीएचएस येणार नाही

प्रश्न: मी केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालो. माझं वय ७१, पत्नीचं ६७. एकुलती एक मुलगी टोरोंटोला असते आणि आता आम्ही तिच्याकडेच राहावं असा तिचा आग्रह आहे. कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी (मुलांकडे दीर्घकाळ राहायला आई-वडिलांना मिळणारा व्हिसा) अर्ज करणार आहोत. परदेशात राहिलं की पेन्शन बंद होते, असं एक स्नेही सांगतात. आणि जावई विचारतात, सीजीएचएसचं (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आणि इथली मेडिक्लेम आता कशाला ठेवायची? काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर: तुमच्या स्नेह्यांची भीती आधी दूर करते. पेन्शन बंद होत नाही. ती तुमच्या नोकरीची कमाई आहे, तुम्ही कुठे राहता यावर ती ठरत नाही. ती भारतातल्या बँकेत जमा होत राहील. लेखा विभागात असताना ‘पेन्शन थांबली’ अशी परदेशातून आलेली पत्रं मी हाताळली आहेत. बहुतेकांचं कारण एकच असायचं, नोव्हेंबरचा हयातीचा दाखला बँकेत पोहोचलेला नसायचा. दाखला मिळाला की थकबाकीसकट पैसे जमा होतात, पण तोवरचे महिने म्हातारपणी फार जड जातात.

त्यासाठी भारतात यायची गरज नाही. परदेशात राहणाऱ्या पेन्शनरचा दाखला भारतीय वकिलातीचा अधिकारी, नोटरी, मॅजिस्ट्रेट किंवा बँकेचा अधिकारी सही करून देऊ शकतो. टोरोंटोत आपलं वाणिज्य दूतावास आहे. जीवन प्रमाण ही ऑनलाइन सोय २०१४ पासून आहे आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. पण तो आधारवर चालतो. म्हणून निघण्याआधी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहा. भारतातलं सिमकार्डही रोमिंगसह चालू ठेवा. ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे.

कायम राहण्याच्या इराद्याने जात असाल तर बँकेला कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्या. पेन्शन त्यात जमा होते. पेन्शन ही चालू मिळकत धरतात, त्यामुळे कर भागवून ती तिकडे नेता येते. घर विकून आलेल्या पैशांना असते तशी वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा तिला नाही. व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून ज्येष्ठ नागरिक बँकेत जो फॉर्म भरतात, तो मात्र अनिवासींना चालत नाही. एवढं सीएकडून समजून घ्या.

आता औषधपाण्याकडे वळते, कारण खरी काळजी मला तिथली वाटते.

सीजीएचएस भारताच्या हद्दीबाहेर चालत नाही. टोरोंटोतल्या हॉस्पिटलचं बिल आणून इथे परतावा मागण्याची आशा धरू नका. आणि सुपर व्हिसावर तुम्ही कॅनडात पाहुणेच असता. एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण तिथल्या प्रांताची सरकारी आरोग्य योजना तुम्हाला लागू होत नाही. म्हणूनच व्हिसासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आणि किमान एक वर्षाचा आरोग्य विमा सक्तीचा आहे.

तो विमा घेताना मुलीला एक गोष्ट बसून वाचायला सांगा: आधीच्या आजाराबद्दलचं कलम. अशा बहुतेक पॉलिसी अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी असतात, नेहमीच्या तपासण्यांसाठी नसतात. बीपी, शुगर, हृदयविकार असे जुने आजार पॉलिसीत घेतले असले, तर ते ठरावीक महिने ‘स्थिर’ असावे लागतात. हा शब्द वाटतो तितका साधा नाही. समजा, निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी तुमची बीपीची गोळी ५ मिलिग्रॅमवरून १० वर नेली. तुमच्या दृष्टीने बीपी आता आटोक्यात आलं, पण विमा कंपनीच्या लेखी डोस बदलला म्हणजे आजार स्थिर नाही. मग तिथे छातीत दुखून दवाखान्यात जावं लागलं, तर दावा नाकारला जाऊ शकतो. हप्ता कमी म्हणून घेतलेल्या पॉलिसीत हा कालावधी कधी जास्त असतो, कधी जुने आजार पूर्ण वगळलेले असतात. हप्त्याआधी हे कलम पाहा, आणि अर्जात एकही गोळी लपवू नका.

म्हणूनच जावईबापूंना प्रेमाने नाही म्हणा. सीजीएचएसची आजीवन वर्गणी तुम्ही एकदाच भरली असेल, दहा वर्षांची रक्कम एकरकमी. वेतनस्तरानुसार ती ३०,००० पासून १,२०,००० रुपयांपर्यंत आहे. ते कार्ड ठेवायला आता काही पडत नाही. मोतीबिंदू, गुडघा अशी ठरवून करायची शस्त्रक्रिया भारतात येऊन याच कार्डावर होईल. मेडिक्लेमचंही तसंच. आज बंद केली आणि ७५ व्या वर्षी परत आलात, तर नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे, तेवढा भारही हलका झालाय.

तुम्ही पत्रात वहिनींबद्दल वयाखेरीज काही लिहिलेलं नाही, म्हणून मुद्दाम सांगते. पीपीओवर त्यांचं नाव आणि जन्मतारीख आहे ना, खातं दोघांच्या नावावर आहे ना, हे पाहा. खातं संयुक्त असेल तर कुटुंब निवृत्तिवेतन त्याच खात्यात सुरू होतं आणि परक्या देशात एकट्या बाईला नवं खातं उघडण्याची धावपळ करावी लागत नाही. बँकेचा फोन, पीपीओ नंबर, दाखल्याचा महिना हे सगळं त्यांच्या हस्ताक्षरात एका वहीत असू द्या. कुटुंब निवृत्तिवेतनावरही सीजीएचएस चालू राहतं, हेही त्यांना माहीत हवं.

प्रश्न: मी खासगी कंपनीतून निवृत्त झाले, ईपीएस-९५ ची (भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली) पेन्शन मिळते. मुलाने ग्रीन कार्ड करून दिलंय. ६५ पूर्ण आहेत, म्हणजे अमेरिकेत गेल्यावर मेडिकेअर, तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, लगेच मिळेल ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: लगेच नाही. स्वतः किंवा पतीने अमेरिकेत नोकरी केलेली नसेल, तर ग्रीन कार्डावर तिथे सलग पाच वर्षं राहावं लागतं आणि त्यानंतरही हप्ता भरावा लागतो. मुलाने कर भरलेली वर्षं तुमच्या खात्यात धरली जात नाहीत. मधल्या काळासाठी मुलाला तिथल्या सरकारी मार्केटप्लेसवर (आरोग्य विमा विकत घेण्याच्या वेबसाइटवर) तुमच्यासाठी पॉलिसी बघायला सांगा. ग्रीन कार्डधारकांना ती घेता येते. तुमच्या पेन्शनला हयातीचा दाखला वर्षातून कधीही चालतो, दिल्यापासून बारा महिने. तेव्हा विमानात बसण्याच्या आधीच्या आठवड्यात तो देऊन टाका.