बास्केटबॉल, पण खुर्चीवरून

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांना व्हीलचेअर बास्केटबॉलची ओळख करून द्यायची आहे. दवाखान्यातल्या खुर्च्या चालतील का?
– क्रीडाशिक्षक, नागपूर

उत्तर : नको. त्या खुर्च्यांच्या हातांवर कोपर आपटतं आणि वेगात वळलं की खुर्ची कलंडते. खेळाच्या खुर्चीची चाकं खालून बाहेर फाकलेली असतात, मागे उलटू नये म्हणून छोटं आधारचाक असतं. अशा चारच मिळाल्या तरी पाळीपाळीनं तास होतो.

पहिली १५ मिनिटं चेंडू देऊच नका. ढकलणं, थांबणं, वळणं, बस्स. हात चाकाच्या बाहेरच्या कडीवर, बोटं आऱ्यांत कधीच नाही. हे दर वेळी बजावा. मग चेंडू उचलणं : त्याच्या शेजारून जायचं, तळहातानं तो फिरत्या चाकाला दाबायचा, चाकच त्याला वर मांडीपर्यंत आणतं. हे जमलं की मुलं खुलतात. चेंडू मांडीवर असताना चाकं दोनदाच ढकलायची, मग टप्पा, पास किंवा शॉट. बास्केट मात्र ३.०५ मीटरवरच, सुरुवातीला भिंतीवर खालची खूण करून नेम धरू द्या.

मुरमाच्या मैदानावर पुढची चाकं रुततात, सिमेंटचं कोर्ट बघा. आपल्याकडे एप्रिलमध्ये कड्यांचे चटके बसतात, सकाळी ८ च्या आत आटपा.

शिकवायला व्हीलचेअरवर खेळणारा खेळाडूच बोलवा, रीतसर मानधन देऊन. खेळाडूंना शारीरिक क्षमतेनुसार १ ते ४.५ गुण असतात आणि कोर्टवरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊ नये, हे गणित त्याच्याकडूनच फळ्यावर मांडून घ्या.