मक्याचं इथेनॉल पेट्रोल-डिझेलला पुरे पडेल का?

प्रश्न : मक्यापासून इंधन होतं, तर खनिज तेलाची गरज संपेल का? त्या भरवशावर सगळं रान मक्याखाली आणावं का?

उत्तर : दोन्हींना माझं उत्तर नाही. पेट्रोलमध्ये मिसळायला मक्याचं इथेनॉल चांगलं, पण पेट्रोलची जागा ते घेऊ शकत नाही.

एक टन मक्यापासून साधारण ३८० ते ४०० लिटर इथेनॉल निघतं. मात्र लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा एक-तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे टनामागे अडीचशे-दोनशे साठ लिटर पेट्रोलचंच काम झालं. त्यातूनही खर्च वजा करा. युरिया बहुतांशी नैसर्गिक वायूपासून बनतो, ट्रॅक्टर डिझेल पितो आणि आसवनीला, म्हणजे आंबवलेल्या मक्यातून इथेनॉल वाफेने वेगळं काढायला, उष्णता लागते. बहुतेक अभ्यासांच्या हिशेबात एक वाटा ऊर्जा घातली की सव्वा ते दोन वाटे परत मिळते. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलला हेच प्रमाण आठच्या आसपास सांगतात, कारण तिथले कारखाने उसाच्या बगॅसवर, म्हणजे चिपाडावर चालतात. शिवाय मका नत्राला हावरट. जादा टाकलेल्या नत्रातून नायट्रस ऑक्साइड सुटतो आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे.

अमेरिकेचं उदाहरण पुरेसं बोलकं आहे. तिथला एक-तृतीयांशाहून जास्त मका इथेनॉलकडे जातो, तरी पेट्रोलमध्ये त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच. डिझेलचा प्रश्न तर तसाच राहतो.

मग मका लावू नये का? जरूर लावा, पण फेरपालटात, कडधान्याला जागा ठेवून. इथेनॉलमध्ये फक्त स्टार्च जातो. मागे राहणारा चोथा, म्हणजे डीडीजीएस, मूळ धान्याच्या जवळपास एक-तृतीयांश वजनाचा असतो आणि त्यात पंचवीस-तीस टक्के प्रथिनं असतात. जनावरांना, कोंबड्यांना तो चालतो. म्हणून सगळं धान्य जाळलं जातं ही तक्रार मला पूर्ण पटत नाही.

याच चोथ्याची एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. मक्याला बुरशी लागून अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, झालं असेल, तर ते इथेनॉलमध्ये उतरत नाही, चोथ्यातच राहतं, तेही जवळजवळ तिप्पट तीव्र होऊन. "कारखान्यालाच द्यायचाय" म्हणून ओला मका ढिगात दाबू नका. ओलावा १४ टक्क्यांच्या खाली आणा, फुटके आणि काळे दाणे वेगळे काढा, मगच पोती भरा.