सदस्यवाढीला ‘नकाराधिकार’ लागू होतो का?

“सुरक्षा परिषदेचं सदस्यत्व वाढवण्यावरही पाच कायम सदस्यांना नकाराधिकार आहे” या वाक्यात ‘नकाराधिकार’ नेमका बसतो का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. ओढूनताणून बसवता येईल, पण वाचणाऱ्याची गफलत होते.

शब्द तसा सरळ आहे, नकार अधिक अधिकार. त्याचा इंग्रजी प्रतिशब्द ‘व्हेटो’ हे मूळचं लॅटिन क्रियापद, ‘मी मनाई करतो’. एका शब्दात अख्खं वाक्य. गंमत म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत हा शब्द कुठेच नाही. कलम 27 एवढंच म्हणतं, की कार्यपद्धतीचे विषय सोडून बाकी ठरावांना नऊ मतं हवीत आणि त्यांत कायम सदस्यांची अनुकूल मतं हवीत. म्हणजे कागदावर ही संमतीची अट झाली. पण कायम सदस्य तटस्थ राहिला तर ठराव अडत नाही, असा प्रघात पडला, आणि 1971 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं नामिबियाविषयी मत देताना तो ग्राह्य धरला. ठराव पाडायचा तर ‘नाही’ असं मत द्यावंच लागतं. त्यामुळे सनदेच्या भाषेपेक्षा आपला मराठी शब्दच व्यवहाराला जास्त धरून आहे!

सदस्यवाढीचं मात्र वेगळं. त्यासाठी सनदच दुरुस्त करावी लागते, म्हणजे कलम 108 आलं: आधी आमसभेत दोन तृतीयांश मतं, मग दोन तृतीयांश देशांचं अनुसमर्थन, आणि त्यांत पाचही कायम सदस्य हवेत. आमसभेत नकाराधिकार कुणालाच नाही. डिसेंबर 1963 मध्ये परिषद 11 वरून 15 सदस्यांची करायचा ठराव आला, तेव्हा फ्रान्स आणि सोव्हिएत संघानं विरोधात मत दिलं, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ राहिले. तरी तो मंजूर झाला. पुढे पाचांनीही अनुसमर्थन दिलं आणि 1965 मध्ये दुरुस्ती लागू झाली.

‘अनुसमर्थन’मधला ‘अनु’ इथे महत्त्वाचा: मागाहून दिलेली मान्यता. परिषदेत गप्प बसलं तर ठराव पुढे सरकू शकतो. इथे गप्प बसलं की दुरुस्ती अडते. ‘नाही’ म्हणायचेही कष्ट नकोत, कागद दाबून ठेवला की झालं. नकारच न देता जे साधतं त्याला नकाराधिकार कसं म्हणायचं?

भारत, ब्राझील, जर्मनी, जपान यांच्या कायम सदस्यत्वाच्या मागणीबद्दल लिहिताना मी तरी “पाचही कायम सदस्यांच्या अनुसमर्थनाशिवाय” असं लिहितो. लांबतं खरं. मथळ्यात मावत नसेल तर ‘पाचांची संमती’ चालेल.