बायोस जाते, यूईएफआय येते : वाचकांचे प्रश्न

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यानंतर या सदराकडे आलेल्या प्रश्नांपैकी बरेच एकाच मुद्द्याभोवती फिरतात : संगणक सुरू होताना सर्वांत आधी जागे होणारे फर्मवेअर (मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम), म्हणजे जुने बायोस, आणि त्याची जागा घेणारे यूईएफआय. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : २०१९ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप माझ्याकडे आहे. प्रोसेसर इंटेलचा नवव्या पिढीचा आय-५ असून विंडोज १० चालते. विंडोज ११ घेण्यापूर्वी मायक्रोसॉफ्टचे तपासणीचे साधन चालवले, तेव्हा संगणकात सिक्युअर बूट (खात्रीची सही असलेलाच प्रोग्राम सुरुवातीला चालू देणारी सोय) हवे, असा शेरा आला. दुरुस्तीवाल्यांचे म्हणणे असे की संगणक बायोसवर चालतो, त्यामुळे ‘यूईएफआयची चिप’ बसवावी लागेल आणि साडेतीन हजार रुपये खर्च येईल. चिप बदलावी का?
— एक शिक्षक, नाशिक

उत्तर : बदलू नये. नवव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी बनलेल्या मदरबोर्डवरील चिपमध्ये यूईएफआय आधीपासूनच असते. आपल्या संगणकातही ते आहे, फक्त त्याने बायोसचे सोंग घेतले आहे. या सोंगाला सीएसएम म्हणतात. जुन्या पद्धतीने बसवलेली विंडोज चालावी यासाठी मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी ठेवलेली ही सोय आहे, आणि असेंबल करणाऱ्याने हाताला वळण असलेल्या जुन्या पद्धतीनेच आपली विंडोज बसवली असावी. खात्री करायची तर स्टार्टच्या शोधपेटीतून ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडावे. तेथे ‘बायोस मोड’ या ओळीसमोर ‘लेगसी’ असे दिसले, तर वरील निदान बरोबर आहे. (यूईएफआयच्या सेटिंगलाही सगळे ‘बायोस’च म्हणतात, अगदी मदरबोर्डच्या पुस्तिकेतसुद्धा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला अजून कोणी व्हीटी म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.)

मग सेटिंगमध्ये जाऊन सीएसएम बंद केले की झाले, असे वाटेल. पण तेवढेच केले तर विंडोज सुरूच होणार नाही, कारण खरे काम चिपमध्ये नसून डिस्कवर आहे. बायोस डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलून स्मृतीत ठेवते आणि त्यात जो काही कोड असेल त्याच्या हाती कारभार सोपवते. फाइल म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. त्याच ५१२ बाइटांपैकी ६४ बाइटांत चार पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या भागांची, नोंद बसवलेली असते, आणि या मांडणीला एमबीआर म्हणतात. यूईएफआयला मात्र फाइली वाचता येतात. डिस्कवर फॅट पद्धतीचे एक लहान पार्टिशन राखून ठेवलेले असते, त्यातील बूटची फाइल शोधून ते चालवते. विंडोजला अशा डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या प्रकारचीच लागते, म्हणून आधी डिस्क बदलावी आणि मगच सेटिंग बदलावी. हा क्रम उलटा केलेले कितीतरी संगणक ‘हार्ड डिस्क गेली’ असे समजून दुकानात पोहोचतात.

डिस्क बदलण्यासाठी विंडोज पुन्हा बसवावी लागत नाही. विंडोज १० च्या २०१७ मधील १७०३ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन विंडोजबरोबरच दिले आहे (त्याचे नाव सलग लिहायचे असून ‘टू’च्या जागी २ हा इंग्रजी आकडा टाकायचा असतो). सर्वप्रथम महत्त्वाच्या सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. बिटलॉकर (डिस्कवरील मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते तात्पुरते स्थगित करावे आणि त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, कारण फर्मवेअरचे सेटिंग बदलले की बिटलॉकर ती की मागू शकते. त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून हे साधन आधी ‘व्हॅलिडेट’ या पर्यायासह चालवावे. यात डिस्कला धक्का लागत नाही, रूपांतर शक्य आहे की नाही एवढेच कळते. होकार मिळाला तरच ‘कन्व्हर्ट’ हा पर्याय द्यावा. चालू विंडोजमधूनच काम करत असल्यामुळे दोन्ही वेळा ‘अलाउ फुल ओएस’ हा पर्यायही जोडावा लागतो. हे तीन शब्द सलग, मध्ये जागा न सोडता लिहायचे असतात, आणि प्रत्येक पर्यायापूर्वी तिरकी रेघ हवी.

आपल्याकडील संगणकांत अडचण येते ती बहुधा याच टप्प्यावर. सी, डी, ई, एफ अशी डिस्कची वाटणी करून देण्याची पद्धत आपल्या बाजारात फार रुळलेली आहे. एमबीआरमध्ये चारच मुख्य पार्टिशने बसतात; त्यांतील एक विंडोजचे राखीव, दुसरे सी, तिसरे डी, आणि त्यापुढची ‘एक्स्टेंडेड’ नावाच्या एका पेटाऱ्यात ठेवलेली असतात. हे साधन तीनपेक्षा जास्त मुख्य पार्टिशने स्वीकारत नाही आणि विंडोजच्या डिस्कवर तो पेटारा असला तरी नकार देते. अशा वेळी ई आणि एफमधील सर्व मजकूर बाहेर काढून घ्यावा, ती पार्टिशने व तो पेटारा पुसावा, आणि रूपांतर झाल्यावर मोकळ्या जागेत पुन्हा हवी तशी वाटणी करावी. येथे घाई करू नये. प्रत घेतल्यावर त्या प्रतीतील चार-दोन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात, आणि नंतरच पुसापुशीला हात घालावा.

रूपांतर पूर्ण झाल्यावर संगणक पुन्हा सुरू करून डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबत सेटिंगमध्ये जावे, सीएसएम बंद करावे आणि विंडोज एकदा नीट सुरू होते हे पाहावे. सिक्युअर बूट त्यानंतर चालू करावे. दोन्ही बदल एकाच फेरीत केले आणि काही बिनसले, तर दोष कोणाचा हे कळत नाही. जुने ग्राफिक्स कार्ड लावलेले असेल तर सीएसएम बंद होताच पडदा काळा राहण्याचीही शक्यता असते, कारण यूईएफआयला समजणारा चित्र-कोड जुन्या कार्डांत नसतो. तसे झाले तर कार्ड काढून मदरबोर्डवरील जोडणीवर मॉनिटर लावून पाहावा. मात्र ज्या आय-५ च्या नावापुढे ‘एफ’ हे अक्षर आहे त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, तेव्हा नाव आधीच तपासावे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) सुद्धा लागते. इंटेलच्या मदरबोर्डांच्या सेटिंगमध्ये ते पीटीटी या नावाने असते आणि पुष्कळदा बंद ठेवलेले असते.

या सगळ्यात साडेतीन हजारांची चिप कोठेच बसत नाही. दुरुस्तीवाल्यांनी डिस्कचे काम करून देण्याची मजुरी मागितली असती तर ती रास्त ठरली असती.

प्रश्न : माझा संगणक २००९ चा, कोअर टू ड्युओचा आहे आणि त्यात केवळ बायोस आहे. अपडेट करून त्यावर यूईएफआय आणता येईल का? मुळात बायोस बदलण्याची गरजच काय पडली?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. फर्मवेअर त्या त्या मदरबोर्डसाठी स्वतंत्र लिहिलेले असते आणि ते त्याच्या निर्मात्यानेच द्यावे लागते. १६-१७ वर्षांपूर्वीच्या मदरबोर्डसाठी आता कोणी ते देणार नाही. क्लोव्हरसारखे काही प्रोग्राम बायोसवर सुरू होऊन वर यूईएफआयसारखे वातावरण उभे करतात. परंतु खालचे फर्मवेअर बायोसच राहते आणि सिक्युअर बूटची सुरक्षितता त्यातून मिळत नाही. कोअरबूट हे मुक्त फर्मवेअर आहे, १९९९ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत लिनक्सबायोस या नावाने त्याची सुरुवात झाली. ते मात्र मोजक्याच मदरबोर्डांवर चालते. शिवाय विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर मागते, त्यामुळे फर्मवेअर बदलले तरी आपला हेतू साध्य होणार नाही. हलक्या लिनक्सवर हा संगणक बायोससहित आणखी काही वर्षे उपयोगी पडेल.

दुसरा प्रश्न अधिक रसाळ आहे. बायोस हा शब्द गॅरी किल्डॉल यांच्या सीपीएम या प्रणालीतून, १९७० च्या दशकातून आला. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये पहिला पीसी आणला तेव्हा त्यातील रॉममध्ये जे फर्मवेअर होते त्यालाही हेच नाव मिळाले, आणि त्याची हुबेहूब वागणूक असलेले बायोस इतर कंपन्यांनी स्वतंत्रपणे लिहिल्यावर पीसीचा बाजार सर्वांना खुला झाला. सगळे सॉफ्टवेअर त्या वागणुकीवर विसंबून राहिल्यामुळे पुढे तिच्यात बदल करणे कोणालाच परवडेना. परिणामी ६४ बिटांचे प्रोसेसर आले तरी संगणक सुरू होताना क्षणभर १९८१ मधल्यासारखा १६ बिटांचा आणि १ एमबी स्मृतीपुरते पाहणारा होत राहिला.

कोंडी फुटली ती पीसीच्या बाहेर. इंटेल आणि एचपी मिळून इटेनियम नावाचा मोठ्या सर्व्हरसाठीचा प्रोसेसर घडवत होते, आणि त्यासाठी हे जुने बायोस कामाचे नव्हते. म्हणून १९९८ च्या सुमारास इंटेलने नव्या फर्मवेअरचे काम हाती घेतले, त्याचेच पुढे ईएफआय झाले. २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून त्याच्यासाठी फोरम स्थापन केला आणि ‘यू’ हे अक्षर पुढे लागले. ज्या इटेनियमसाठी हा सारा खटाटोप झाला तो बाजारात चालला नाही; त्याचे फर्मवेअर मात्र घरोघरी पोहोचले.

प्रश्न : स्टुडिओतील छायाचित्रांसाठी ४ टीबीची हार्ड डिस्क घेतली. जुन्या बायोसच्या संगणकात ती लावल्यावर २ टीबीच जागा वापरता येते. यूईएफआयचा संगणक घ्यावाच लागेल का?
— एक छायाचित्रकार, कोल्हापूर

उत्तर : एवढ्यासाठी नको. एमबीआरमध्ये सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ एवढेच सेक्टर मोजता येतात. प्रत्येकी ५१२ बाइटांनी गुणले की सुमारे २.२ लाख कोटी बाइट होतात, आणि मोजदाद तेथेच थांबते. बायोसवर विंडोज *सुरू करण्यासाठी* जीपीटी डिस्क चालत नाही, पण केवळ साठवणीची दुसरी डिस्क जीपीटी असण्याला विंडोज ७ पासून पुढे हरकत नाही. डिस्क नवी व रिकामी असल्याने ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये तिच्यावरील पार्टिशने पुसून ती जीपीटी करून घ्यावी.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमधील एक मशीन डॉसवरील प्रोग्रामने चालते. त्याचा संगणक कुरकुरू लागला आहे. नवा संगणक घेतला तर डॉस चालेल का?
— एक लघुउद्योजक, इचलकरंजी

उत्तर : थेट चालणार नाही असेच धरून चालावे. पडद्यावर अक्षर उमटवण्यापासून डिस्क वाचण्यापर्यंत डॉस बायोसवर अवलंबून असतो, आणि शुद्ध यूईएफआयमध्ये ते बायोस नसते. सीएसएममुळे इतके दिवस निभावले. परंतु २०२० पर्यंत सीएसएमचा आधार काढून घेण्याचा मानस इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केला होता आणि नव्या मदरबोर्डांतून ही सोय नाहीशी होत चालली आहे. नव्या संगणकात आभासी यंत्र तयार करून डॉस चालवता येतो. मात्र प्रोग्राम पॅरलल पोर्ट किंवा खास कार्डातून मशीनशी बोलत असेल आणि वेळेचा काटेकोरपणा लागत असेल, तर त्यावर भरवसा ठेवू नये. माझ्या मते सध्याच्या डिस्कची संपूर्ण प्रतिमा आजच काढून ठेवावी आणि त्याच जातीचा एखादा जुना मदरबोर्ड चालू स्थितीत मिळाला तर घेऊन ठेवावा. जुने मोडीत काढून नवे आणण्याचा सल्ला येथे लागू होत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात आठवडाभर वीज नव्हती. त्यानंतर संगणक चालू केला तर घड्याळ काही वर्षे मागे गेलेले आणि विंडोज सुरूच होत नाही. फर्मवेअर अपडेट करू का?
— एक गृहिणी, रत्नागिरी

उत्तर : अपडेट मुळीच करू नये. मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला आहे. तो संपला की सेटिंग कारखान्यातल्यासारखे होते. आपली विंडोज लेगसी पद्धतीची असेल आणि कारखान्याचे सेटिंग यूईएफआयचे असेल, तर फर्मवेअरला बूटची फाइल सापडत नाही. सेल बदलावा, सीएसएम पुन्हा चालू करावे, तारीख लावावी. अपडेट चालू असताना वीज गेली तर चिप अर्धवट लिहिलेली राहून मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. ज्या गावी वीज अशी जाते तेथे यूपीएस नसताना हा उद्योग नको.

प्रश्न : विंडोज ११ शेजारी उबुंटू बसवायचे आहे. त्यासाठी सिक्युअर बूट कायमचे बंद करावे असे मित्र सांगतात.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : लिनक्सच्या उबुंटू, फेडोरा आणि २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून डेबियन यांच्या सुरुवातीच्या प्रोग्रामवर मायक्रोसॉफ्टची सही असते, त्यामुळे सिक्युअर बूट चालू ठेवूनच ते बसतात. एनव्हिडियासारखा बाहेरचा ड्रायव्हर टाकताना स्वतःची की नोंदवावी लागू शकते. त्या वेळी एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि संगणक पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर तोच विचारतात. तो पडदा पाहून घाबरून पुढे जाऊ नये, नोंद पूर्ण करावी. सह्यांमागील २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते आणि त्यांच्या जागी २०२३ ची येतात. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. पण बूटविषयक नव्या सुरक्षा-सुधारणा हव्या असतील तर विंडोजचे अपडेट आणि निर्मात्याने दिलेले फर्मवेअर अपडेट टाळू नयेत. उबुंटूचा पेन ड्राइव्ह लावल्यावर बूटच्या यादीत तो दोनदा दिसला, तर ज्या ओळीच्या आधी यूईएफआय लिहिलेले असेल तीच निवडावी, नाहीतर उबुंटू लेगसी पद्धतीने बसते आणि दोन्ही प्रणाली एका यादीतून उघडता येत नाहीत.