डास पळवायला अंगाला लावायचं तेल माणसाला, कुत्र्या-मांजराला नाही

१०० मिली खोबरेलात १० मिली करंजेल आणि गवती चहाच्या तेलाचे २० थेंब, बस. थेंब वाढवले तर कातडी लाल होऊन चुरचुरते. पाण्यात घालून फवारू नका. तेल वर तरंगतं, नळी तळाचं पाणीच ओढते आणि शेवटी निव्वळ तेल अंगावर येतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. कोकणातल्या घामात ते तासा-दोन तासांत उतरतं, म्हणून रात्री मच्छरदाणी हवीच. कापूर मात्र घालू नका. पोराच्या पोटात गेला तर झटके येतात.

कुत्रा अंग चाटतो, त्याला हे नको, गोचिडांसाठीही नको. त्याच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. मांजराला एक थेंबही नको, त्याच्या यकृताला ही सुगंधी तेलं झेपत नाहीत.